पैठणला जायची बोट

कुंदाआत्या,

येत्या रविवारी दिंडोरीचे भास्करकाका आपली बोट न्यायला येणार आहेत. बाबांनीच त्यांना बोलावलंय. द्राक्षबागेसाठी त्यांनी शेततळं खोदलंय, काळा कागद अंथरलेलं, आणि सुट्टीत आलेल्या नातवंडांनी त्यात बोटीतून फिरावं अशी त्यांची फार इच्छा आहे. त्या तळ्यात दहा-बारा वल्ही मारली की समोर बांध येणार. मग वळायचं, पुन्हा बांध, पुन्हा वळायचं.

हे तुझ्या तेराव्याच्या दिवशी ठरलं, पंगतीत. "पडून खराब होण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडेल," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझं काय म्हणणं आहे, अनू?" मी वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेले. बाबांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आपल्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी होकारच घेतला जातो. तू एकटी तसा घ्यायची नाहीस. तू म्हणायचीस, "ही गप्प बसली म्हणजे हिच्या पोटात काहीतरी शिजतंय. झाकण काढा."

पहाटे पाचला अजून जाग येते. तुझी एक रिंग आली की तू निघालीस, दोन आल्या की रद्द, असं आपलं ठरलं होतं. दोन रिंगा कधी आल्याच नाहीत. आता फोन हातात धरून मी गॅलरीत उभी राहते. खाली पार्किंगमध्ये बोट पालथी ठेवलेली दिसते. क्लबची शेड गळते म्हणून पावसाळ्यापुरती तू ती आमच्याकडे आणून टाकली होतीस. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा आठवण केली आहे. ऑफिसात बसल्या बसल्या माझी कंबर डावी-उजवीकडे वळत राहते. शेजारची मुलगी विचारते, पाठ दुखतेय का. दुखत नाहीये, हाच त्रास आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझे खांदे दुखत नाहीयेत.

तू मला या भानगडीत ओढलंस तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तू पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायचीस. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, लग्नाला आलीस तरी तेच. धरणाच्या फुगवट्यावर बोटींचा क्लब सुरू झाला तेव्हा पोरांच्या रांगेत उभं राहून नाव घालणारी तू एकटीच पंचेचाळिशीची बाई. मी इंग्रजी शाळेतली. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी, दुकानात "काय हवंय" विचारलं तरी घाबरणारी. तू थेट आतल्या खोलीत आलीस.

"कॉन्व्हेंट, पोहता येतं ना तुला?"

"येतं."

"मग चल. दोघींची बोट आहे. तोंड चालवायची गरज नाही, नुसते हात चालव. बोलायचं खातं माझ्याकडे."

आई मागून म्हणाली, "अहो वन्सं, तिला काय विचाराल? ती नाही म्हणणार नाही." आणि तू म्हणालीस, "म्हणूनच तर विचारतेय."

बोट तू सातपूरच्या एका कारखान्यात बनवून घेतली होतीस. बागेतल्या घसरगुंड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवायचे ते लोक. बोट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बनवली आणि मला वाटतं शेवटचीही. घसरगुंड्यांचा उरलेला निळा रंग तिला लावला. चार माणसांशिवाय ती उचलत नव्हती. क्लबचे प्रशिक्षक म्हणाले होते, "मॅडम, ही बोट आहे की घसरगुंडी?" तू लगेच, "दोन्हींचं काम घसरायचंच की हो."

पुढे मी, मागे तू. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने पायांखालच्या पट्ट्या दाबून सुकाणू सांभाळायचं. बाकीच्या जोड्या शर्यतीसाठी यायच्या; दोन मिनिटं जीव तोडून वल्ही मारायची आणि मग धापा टाकत पडायचं. तुला त्यात रस नव्हता. तुला पैठणला जायचं होतं. नाशिकच्या माणसाने जन्मभर गंगेकाठी राहायचं आणि ती पुढे कुठे जाते ते बसच्या खिडकीतून बघायचं, हे तुला सहन होत नव्हतं. "आपल्याला वाटतं ती रामकुंडात येते आणि संपते," तू म्हणायचीस. "अस्थीसुद्धा तिथंच विरघळतात म्हणे. पुढं जाण्याची सोयच नाही कुणाची."

इतक्या लांब जायचं तर दिवसभर न थकता वल्हं कसं मारायचं, हे सांगणारं त्या क्लबमध्ये कुणी नव्हतं. म्हणून तू ते लेझमीतून काढलंस. शाळेच्या मैदानावर शंभर पोरींना एका तालात खेळवायची तुला सवय होती. एकला वल्हं पाण्यात, दोनला कंबर, तीनला बाहेर, चारला दुसरी बाजू. "मनगट सैल! लेझीम आवळून धरली तर वाजेल का?" प्रशिक्षक हसायचे, म्हणायचे कोपर वाकतंय, अशानं वेग येत नाही. वेग येत नव्हता हे खरंच. पण इतर जोड्या कठड्यावर पाय पसरून बसलेल्या असायच्या तेव्हा आपण पलीकडच्या टेकडीखाली दिसेनाशा झालेल्या असायचो. मध्येच तू शिट्टी वाजवायचीस, म्हणजे खायचं. थांबायचं नाही, एका हातानं खायचं. शेंगदाण्याचे लाडू, मीठ लावलेली काकडी. मीठ माझ्या तळहातांवरच्या फोडांत जायचं आणि मी हूं की चूं करायची नाही. तू मागून ओरडायचीस, "अगं आई गं तरी म्हण!"

माझ्या पाठीमागे तू किती बोललीस, आत्या. शाळेतल्या भांडणांपासून हेडबाईंच्या जावयापर्यंत सगळं. लग्न न केल्याचं कारणही एकदा सांगितलंस. जिथं ठरत होतं तिथल्या सासूने विचारलं, मुलगी मैदानावर हाफ पँट घालते का? तू म्हणालीस, उन्हाळ्यात घालते. मला तोंड फिरवता येत नव्हतं म्हणून तू सांगू शकलीस, आणि तुला माझा चेहरा दिसत नव्हता म्हणून मी ऐकू शकले. समोरासमोर बसून आपण चहा प्यायलो तर दोघींनाही काय बोलावं सुचायचं नाही. बशा वाजत राहायच्या.

गेल्या वर्षीच्या मे महिन्याबद्दल मला लिहायचं आहे. तेच टाळत होते.

तुझ्या शाळेला सुट्टी लागली होती. धरणातून उन्हाळ्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं असं पेपरात आलं. तू रामकुंडावर जाऊन बघून आलीस. पाणी चांगलं वाहत होतं, पोरं पुलावरून उड्या मारत होती. "पुराची भीती नाही, खळखळ नाही, एकसारखं पाणी. हीच वेळ," तू म्हणालीस. पहिला टप्पा ठरला, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याखालून कोपरगावापर्यंत. बंधाऱ्याच्या वर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथे बोट घालायची नव्हती. टेम्पो केला. आईने डबा दिला, आणि कधी नव्हे ती गंगेची ओटी भरायला खण-नारळही दिला. "माझ्या वतीनं सोडा. मला काही तुमच्यासारखं पाण्यात उतरता येत नाही."

बंधाऱ्याखाली आपण उतरलो आणि समोर दगड होते. नुसते दगड. मधूनमधून डबकी, त्यांत हिरवा तवंग, आणि एका डबक्यात म्हशी. दोन वर्षं आपण तयारी केली आणि नदीला पाणी आहे की नाही ते नाशिकच्या पुलावरून ठरवलं.

काठावर एक बाई शेळ्या चारत होती. ती आधी बोटीकडे बघत राहिली, मग तुझ्या शिट्टीकडे.

"कुठं निघाल्या बाई, होडी घिऊन?"

"पैठणला."

"हितून?" तिनं पदर तोंडाला लावला. "आन् पाणी?"

"नाशिकला तर सुटलंय!"

"सुटलंय ना. ते हितवर येतं अन् कालव्याला लागतं. दोन्ही अंगाला वाटून जातं. गंगेला नाय सोडत आता. गंगेला आता पावसाळ्यात."

टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, बोटीला चाकं बसवू का?"

मला हसू आलं होतं. तुला नाही. तू बंधाऱ्यावर चढलीस आणि कालव्याकडे बघत उभी राहिलीस. भरून चाललेला, सरळ, काठोकाठ. खाली आलीस ती ठरवूनच. "पाणी तिकडं गेलंय, तर आपणही तिकडं."

मी म्हणाले, नाही. त्या कालव्याला उभ्या भिंती आहेत, पूल बुटके आहेत, पुढे पाणी कुठल्या बोगद्यात शिरतं ते माहीत नाही, उतरायचं म्हटलं तर उतरता येणार नाही, आणि परवानगीही नाही. हे सगळं मी इंग्रजीत म्हणाले. राग आला की माझं तसं होतं. तू कमरेवर हात ठेवून ऐकत राहिलीस आणि म्हणालीस, "थांब. भांडायचं तर मराठीत भांड. मला उत्तर देता आलं पाहिजे."

मराठीत मला एकच वाक्य आलं. "मी नाही बसणार."

ती बाई शेळ्या सोडून ऐकत उभी होती. टेम्पोवाला दुसरीकडे बघत होता. तू माझ्या अगदी जवळ आलीस आणि हळू आवाजात, तुझ्या आवाजाच्या मानाने फारच हळू, विचारलंस, "अनू, तुला जायचंय का पण? तुला स्वतःला? की आत्या एकटी पडेल म्हणून बसतेस?"

मी उत्तर दिलं नाही.

कालव्याबद्दल माझंच बरोबर होतं, आत्या. अजूनही मी तसंच म्हणेन. तू हट्टी होतीस आणि तो हट्ट धोक्याचा होता. पण तू विचारलेला प्रश्न कालव्याबद्दल नव्हता. बोट पुन्हा टेम्पोत चढवली. आईचा नारळ आपण त्या शेळ्यांवाल्या बाईला दिला आणि म्हणालो, पाणी आलं की सोडा. ती म्हणाली, "सोडते की. तवर तुम्ही बी या." परतीच्या रस्त्यावर चांदोरीला तू टेम्पो थांबवायला लावलास. मग म्हणालीस, "उसाचा रस घ्यायचा का?" मी हो म्हणाले. तेवढंच.

त्यानंतरही आपण धरणावर जात राहिलो. पण तू मागे बसून बोलेनाशी झालीस. एक, दोन, तीन, चार, एवढंच. तोच प्रश्न तू पुन्हा दोनदा विचारलास. एकदा दिवाळीत, चकल्या पाडताना. एकदा जूनमध्ये, बोट पार्किंगमध्ये पालथी करून ठेवताना. "यंदा बंधाऱ्यावरून पाणी पडायला लागलं की निघू. पण आधी सांग मला." मी म्हणाले, सांगते. तू म्हणालीस, "कॉन्व्हेंट, तुझं सांगते म्हणजे पंचवार्षिक योजना."

मग ऑगस्टमध्ये तुला झटका आला. डावी बाजू नाही, उजवी गेली, आणि उजवीबरोबर बोलणंही गेलं. तुझं बोलणं जावं, हे मला डॉक्टरांनी सांगूनही समजत नव्हतं. मी खुर्ची तुझ्या समोर ओढून बसले. इतकी वर्षं जे टाळलं ते आता रोज करावं लागलं, तुझ्याकडे बघून बोलणं. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी पुढची गावं सांगायची. कोपरगाव, पुणतांबा, मग प्रवरासंगम, मग नाथसागराचं अफाट पाणी. तू डोळे मिटून ऐकायचीस. सिस्टर म्हणाली, "देवाचं काही म्हणताय का?" मी हो म्हणाले. तिला कुठे समजावत बसू.

उत्तर त्या वेळीही दिलं नाही. तू विचारू शकत नव्हतीस, आणि न विचारता उत्तर देणं म्हणजे तू जाणार हे मान्य करणं, असं मला वाटलं. एका दुपारी मी घरी जेवायला आले आणि बाबांचा फोन आला.

अस्थी बाबांनी रामकुंडातच सोडल्या. गुरुजी म्हणाले, इथं विलय होतो. मी पायरीवर उभी होते. पाणी पावसाचं, गढूळ, जोरात चाललेलं. मला वाटलं, तू काही तिथं थांबली नसशील. पुलाखालून गेली असशील, हात झटकत, कुणालाही न विचारता.

आणि मी अजून इथेच आहे. रागही येतो मला तुझा. तू मला पुढे बसवलंस, लांबचं पाणी दाखवलंस, हाताला सवय लावलीस, आणि प्रश्न माझ्यावर टाकून निघून गेलीस. मी जर नुसती सोबतीला येत होते, तर बोट शेततळ्यात गेलेली काय वाईट? नातवंडं खेळतील. पार्किंग मोकळं होईल. मला झोप लागेल. आणि तसं नसेल तर रविवारच्या आत मला तोंड उघडायला हवं. आज शुक्रवार आहे.

इथवर लिहून ठेवलं होतं. आता रविवार संध्याकाळ.

भास्करकाका सकाळीच पिकअप घेऊन आले, द्राक्षांचे क्रेट नेतात ती. बरोबर तीन गडी. त्यांनी बोट सरळ केली, आतली पानं झटकली. काका म्हणाले, "लई दणकट काम आहे हो. गारपिटीत टिकेल." बाबा दोऱ्या सोडत होते. आई जिन्यात उभी होती. मी तिच्या मागे. बोट उचलली, पिकअपवर अर्धी चढवली, आणि मी म्हणाले, "काका, बोट द्यायची नाही."

कुणाला ऐकू गेलं नाही. गडी "हं, हं, अजून" करत होते. मी खाली उतरले आणि पुन्हा म्हणाले. या वेळी एवढ्या मोठ्यानं, की सेक्रेटरी बाल्कनीत आले.

बाबा म्हणाले, "अगं, पण तू तर त्या दिवशी..."

"मी त्या दिवशी काहीच म्हणाले नव्हते, बाबा. मला लागते ती."

"कशाला लागते? आता कुणाबरोबर जाणार तू?"

"ते माहीत नाही. पण मला जायचंय."

बघ, केवढंसं वाक्य. माझ्या तोंडून ते आलं आणि मी स्वतःच जरा दचकले, कारण ते खरं होतं. ते गेल्या वर्षीच्या मेपासून खरं होतं. बहुधा त्याच्याही आधीपासून.

बाबांनी भास्करकाकांकडे ओशाळून पाहिलं. काकांनी टोपी मागे सरकवली. "आता गाडी भरलीच आहे अर्धी," ते म्हणाले. "रिकामी कशाला न्यायची? पोरीला सोडू धरणावर. ए, चढवा पूर्ण!" आई चपला घालून आली आणि न विचारता ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे, बोट धरून.

क्लबवर रविवारची गर्दी होती. मी जॅकेट घातलं आणि सवयीनं पुढे बसायला गेले. मग थांबले. सुकाणू मागे. एकटीने जायचं तर मागेच बसावं लागणार. तुझ्या जागेवर मी कधी बसलेच नव्हते. पायांच्या पट्ट्या तुझ्या मापावर होत्या. माझे गुडघे दुमडून छातीशी आले. खटके गंजले होते. काकांच्या एका गड्याने पान्ह्याने ठोकून ते सोडवले आणि पट्ट्या माझ्या मापाला पुढे सरकवल्या. मी दुसरीकडे बघत होते.

"लांब जाऊ नकोस गं," आई काठावरून म्हणाली.

पुढची जागा रिकामी, त्यामुळे बोटीचं नाक वर. काठावरची पोरं हसली. एक, दोन, तीन, चार. थोडं अंतर गेले आणि बोट डावीकडे वळली. सरळ केली, पुन्हा डावीकडे. वाटलं, वारा असेल, किंवा पुढे वजन नाही म्हणून. काकांकडून कांद्याची गोण मागून पुढे ठेवावी, असंही मनात आलं. टेकडीपर्यंत जाऊन परत फिरले. आता वारा दुसऱ्या अंगाला होता, आणि बोट तरीही डावीकडेच.

बोटीचा तळच वाकडा आहे, आत्या. घसरगुंडीवाल्यांनी ती मुळात तिरकी ओतली आहे. सरळ ठेवायची तर उजवा पाय सुकाणूच्या पट्टीवर सतत दाबून धरावा लागतो. सतत म्हणजे सतत, खातानाही. इतकी वर्षं मी समोर बघून वल्हं मारत होते आणि मला वाटत होतं, बोट सरळच चालते. हेडबाईंच्या जावयाचं सांगितलंस, हाफ पँटचं सांगितलंस, हे मात्र एकदाही नाही.

माझी उजवी पोटरी आत्ता दगडासारखी झाली आहे. बाहेर पाऊस आहे. बंधाऱ्यावरून पाणी पडतंय, मी आज फोन करून तिथं विचारून घेतलं. उद्या ऑफिसच्या आधी पुन्हा धरणावर जाणार आहे. कमीत कमी टेकडीला दोन फेऱ्या होईपर्यंत पाय टिकायला हवा.